खासगी अंतराळ स्थानकांच्या पहिल्या ग्राहकांस खुले पत्र

प्रति,
आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात भागीदार असलेल्या अंतराळ संस्थांचे प्रमुख,
तसेच त्यांच्या अंदाजपत्रकांना मंजुरी देणारे लोकप्रतिनिधी

महोदय, महोदया,

2 नोव्हेंबर 2000 रोजी पहिला चमू आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात दाखल झाला आणि तेव्हापासून ते स्थानक एकही दिवस रिकामे राहिलेले नाही. सुमारे 420 टन वजनाचे हे स्थानक 2030 पर्यंत चालवायचे, त्यानंतर ते दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्जन भागात पाडायचे, आणि पृथ्वीनजीकच्या कक्षेतले पुढचे काम खासगी कंपन्यांनी बांधलेल्या व त्यांच्याच मालकीच्या स्थानकांवर सोपवायचे, असे आपले धोरण आहे. या धोरणाला माझा विरोध नाही. मात्र ते ज्या गृहीतावर उभे आहे, म्हणजे या स्थानकांना सरकारांखेरीज पुरेसे ग्राहक मिळतील आणि अंतराळ संस्था त्या अनेकांपैकी केवळ एक ग्राहक असतील, त्या गृहीताला आजवरच्या अनुभवाचा आधार मिळत नाही. ते बाजूला ठेवून, आपणच या स्थानकांचे मुख्य आणि दीर्घकाळचे ग्राहक आहात हे मान्य करावे, आणि अशा ग्राहकावर येणारी जबाबदारी करारांत स्पष्टपणे लिहावी, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

खासगी स्थानकांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सध्याच्या स्थानकाचे चालन, संशोधन आणि तिथपर्यंतची वाहतूक यांवर एकट्या नासाला वर्षाला सुमारे 300 कोटी डॉलर खर्च येतो, आणि तोच पैसा चंद्राच्या मोहिमांसाठीही हवा आहे. स्थानकाची जोडणी 1998 साली सुरू झाली आणि ती पूर्ण व्हायला चाळीसहून अधिक उड्डाणे लागली. आता त्याचे सांगाडे आणि जोड थकले आहेत. रशियन भागातील झ्वेझ्दा मॉड्यूलच्या, म्हणजे स्थानकाच्या एका जोडभागाच्या, बोगद्यातून होणाऱ्या हवागळतीने गेली अनेक वर्षे अभियंत्यांना सतावले आहे. चमूच्या वेळेचा मोठा हिस्सा दुरुस्तीत जातो. नव्याने आखलेले स्थानक एका किंवा मोजक्या प्रक्षेपणांत वर जाऊ शकेल, त्याची यंत्रे बदलायला सोपी असतील आणि थोड्या माणसांत ते चालेल, हे दावे अभियांत्रिकीच्या दृष्टीने अवास्तव नाहीत. व्हॉयेजर, एअरबस, मित्सुबिशी आणि एमडीए स्पेस यांच्या भागीदारीतील स्टारलॅब हे स्थानक एकाच प्रक्षेपणात वर पाठवण्याचा आराखडा आहे. अ‍ॅक्सिऑम ही कंपनी आपले पहिले मॉड्यूल सध्याच्या स्थानकाला जोडून नंतर ते वेगळे काढणार आहे. व्हास्ट या कंपनीने चार माणसांच्या छोट्या हेवन-1 स्थानकापासून सुरुवात करण्याचे ठरवले आहे. वाटा वेगवेगळ्या आहेत आणि ते चांगलेच आहे.

आपल्या बाजूने नेहमी जो दाखला दिला जातो तो मालवाहतुकीचा. 2006 मध्ये नासाने खासगी मालवाहू यानांसाठी पैसे गुंतवले, 2012 मध्ये स्पेसएक्स कंपनीचे ड्रॅगन यान स्थानकापर्यंत पोहोचले आणि 2020 पासून त्याच घराण्यातले यान माणसे नेऊ लागले. सरकारने गुंतवणुकीचा एक भाग उचलला, बाकीचा कंपन्यांनी, आणि सरकारला पूर्वीपेक्षा स्वस्तात सेवा मिळाली. हे यश खरे आहे, पण ते कशामुळे मिळाले याकडे नीट पाहायला हवे. त्या यानांना जायला एक ठिकाण होते. तिथे माणसे होती, त्यांना अन्न, पाणी, सुटे भाग ठरावीक मुदतीत लागणारच होते, आणि किती टन माल किती वर्षे न्यायचा हे करारात लिहिलेले होते. म्हणजे मागणी आधी होती आणि पुरवठादार नंतर उभे राहिले. खासगी स्थानकांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. इथे ठिकाणच आधी बांधायचे आहे आणि तिथे कोण येईल हे नंतर ठरणार आहे.

असे प्रयत्न पूर्वीही झाले आहेत. 1980 च्या दशकात अमेरिकेत एका खासगी कंपनीने मानवरहित औद्योगिक स्थानक बांधून ते भाड्याने देण्याची योजना मांडली होती. मर्क्युरी यानाचे आरेखन करणारे मॅक्स फॅगेट तिच्या संस्थापकांत होते, त्यामुळे तांत्रिक कुवतीचा प्रश्न नव्हता. दीर्घ मुदतीचा भाडेकरू म्हणून सरकारने शब्द द्यावा ही अपेक्षा पूर्ण झाली नाही आणि ते स्थानक कागदावरच राहिले. 2000 साली मिरकॉर्प या कंपनीने रशियाच्या मीर स्थानकावर खासगी पैशांतून एक मोहीम प्रत्यक्ष पार पाडली, परंतु पुढचा पैसा उभा राहिला नाही आणि मार्च 2001 मध्ये मीर समुद्रात पाडले गेले. बिगेलो एरोस्पेसने 2006 आणि 2007 मध्ये फुगवता येणारी दोन प्रायोगिक मॉड्यूल कक्षेत पाठवली, 2016 मध्ये तिसरे आंतरराष्ट्रीय स्थानकाला जोडले आणि ते अपेक्षेपेक्षा अधिक काळ टिकले. तरीही मार्च 2020 मध्ये कंपनीने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. तिन्ही ठिकाणी यंत्राने दगा दिला नव्हता. पुरेसा मोठा आणि दीर्घकाळ टिकणारा ग्राहक मिळाला नव्हता.

आज तो मिळेल का, याचे सर्वांत चांगले उत्तर अ‍ॅक्सिऑमच्या चार मोहिमांत आहे, ज्या आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेल्या. एप्रिल 2022 मधील पहिल्या मोहिमेत कंपनीच्या कमांडरबरोबर स्वतःच्या खर्चाने गेलेले तीन धनिक होते. मे 2023 मधील दुसरीत दोन आसने सौदी अरेबियाच्या सरकारने घेतली आणि एक खासगी प्रवाशाने. जानेवारी 2024 मधील तिसरीत इटली, तुर्कस्तान आणि स्वीडन यांचे अंतराळवीर होते. जून 2025 मधील चौथीत भारताचे शुभांशू शुक्ला आणि त्यांच्यासह पोलंड व हंगेरी यांचे प्रतिनिधी गेले. म्हणजे चार मोहिमांत स्वखर्चाने जाणारा प्रवासी तीनवरून एकावर आणि एकावरून शून्यावर आला, तर सरकारांचा वाटा वाढत गेला. या घडामोडीचे मला वाईट वाटत नाही. स्वतःचे स्थानक बांधणे ज्यांना परवडणार नाही अशा देशांसाठी हे दार उघडणे ही खासगी स्थानकांची सर्वांत मोठी शक्यता आहे, पर्यटनापेक्षा कितीतरी मोठी. मात्र आसनाचे पैसे अखेर कुठल्या ना कुठल्या देशाच्या करदात्याच्या खिशातूनच येणार आहेत, आणि त्या हिशेबाला तसेच म्हटले पाहिजे.

औषधनिर्मिती आणि नवे पदार्थ यांच्या बाजारपेठेबद्दलही सावधपणेच बोलावे लागते. सूक्ष्म गुरुत्वात प्रथिनांचे स्फटिक अधिक सुबक वाढतात, काही विशेष काचतंतू अधिक निर्दोष ओढता येतात, हे प्रयोगांनी दाखवले आहे. पण त्यासाठी माणसे राहतात तेच ठिकाण हवे असे नाही. वार्डा या कंपनीने जून 2023 मध्ये एक छोटी मानवरहित कुपी कक्षेत पाठवली, तिच्यात रिटोनावीर या औषधाचे स्फटिक तयार केले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये ती परत उतरवली. ती खाली आणायला उशीर झाला तो परवान्यांमुळे, स्थानक नव्हते म्हणून नव्हे. माणूस चालतो, व्यायाम करतो, पंखे आणि पंप अहोरात्र फिरतात, आणि त्या कंपनांचा त्रास नाजूक प्रयोगांनाच होतो. शिवाय माणसाच्या सुरक्षिततेचा खर्च प्रत्येक किलो मालावर चढतो. उत्पादनाचा धंदा वाढला तर तो स्थानकांकडे येईलच असे धरून चालणे म्हणजे बाजारात तुरी असताना घरात भांडण मांडणे आहे.

मग माणसांच्या स्थानकाची गरज नेमकी कशासाठी उरते? माझ्या मते मुख्यतः माणसासाठीच. शरीर महिनोन्महिने वजनरहित राहिले की काय होते हे पाहण्यासाठी, लांबच्या प्रवासात लागणारी हवा आणि पाणी पुन्हा वापरणारी यंत्रे वर्षानुवर्षे चालवून त्यांचे दोष शोधण्यासाठी, आणि अशी वस्ती चालवणारी जमिनीवरची माणसे तयार ठेवण्यासाठी. वजनरहित अवस्थेत पुरेसा व्यायाम नसेल तर भार वाहणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. ही झीज दोन आठवड्यांच्या मुक्कामात पूर्ण कळत नाही. सांडपाण्यातून आणि श्वासातून 98 टक्के पाणी परत मिळवण्याचे उद्दिष्ट स्थानकाने 2023 मध्ये गाठले, तेही वर्षानुवर्षे बिघाड, दुरुस्ती आणि फेरबदल यांच्या चक्रातून गेल्यावर. ही सगळी कामे सार्वजनिक स्वरूपाची आहेत. त्यांतून कंपनीला नफा होणार नाही आणि तशी अपेक्षाही नको.

म्हणूनच ऑगस्ट 2025 मध्ये पुढे आलेला बदल मला चिंताजनक वाटतो. तोवर कक्षेत अमेरिकी चमूची अखंड उपस्थिती राहावी हे नासाचे घोषित धोरण होते. नव्या निर्देशात किमान अपेक्षा चार माणसांच्या एक महिन्याच्या मोहिमांपर्यंत खाली आणली गेली आणि ठरावीक रकमेच्या कंत्राटांऐवजी टप्प्याटप्प्याने पैसे देणाऱ्या करारांचा मार्ग धरला गेला. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. हाती असलेल्या पैशांत अखंड वस्तीचे स्थानक वेळेत उभे राहणार नव्हते. डिसेंबर 2021 मध्ये तीन आराखड्यांसाठी मिळून 41 कोटी 56 लाख डॉलर दिले गेले होते आणि त्यांपैकी नॉर्थ्रॉप ग्रमन या कंपनीने 2023 मध्ये स्वतंत्र स्थानकाचा विचार सोडून स्टारलॅबशी हातमिळवणी केली. आंतरराष्ट्रीय स्थानक बांधून चालवण्याचा एकूण खर्च दहा हजार कोटी डॉलरांच्या पुढे जातो हे लक्षात घेतले, तर ही रक्कम किती तुटपुंजी आहे हे सांगायला नको. पण पैसा कमी पडतो म्हणून गरजच कमी लिहायची, ही पद्धत घातक आहे. महिन्याच्या मोहिमा हा पहिला टप्पा म्हणून चालेल. तो शेवटचाही ठरू नये यासाठी सहा महिन्यांच्या मुक्कामापर्यंत कधी आणि किती पैशांत पोहोचायचे, हे त्याच करारात असले पाहिजे.

खंड पडला तर काय होते याचा अनुभव आपल्यापाशी आहेच. जुलै 2011 मध्ये स्पेस शटल निवृत्त झाले आणि मे 2020 पर्यंत अमेरिकेकडे स्वतःच्या भूमीवरून माणूस कक्षेत नेण्याचे साधन नव्हते. त्या जवळजवळ नऊ वर्षांत रशियाच्या सोयूझ यानातील एका आसनाची किंमत वाढत वाढत आठ कोटी डॉलरांच्या पुढे गेली. तेव्हा निदान जायला स्थानक तरी होते. आता खंड पडला तर कक्षेत अखंड वस्ती असलेले स्थानक चीनचे तियांगोंग एवढेच उरेल. चीनने ते 2022 अखेरीस पूर्ण केले आहे आणि तिथे चमू आलटून पालटून राहत आहेत.

यावर उपाय म्हणून जुने स्थानक वर्षानुवर्षे वाढवत न्यावे असे मी म्हणणार नाही. गळती आणि धातूचा थकवा धोरणाकडे पाहून थांबत नाहीत. स्थानक पाडण्यासाठी लागणाऱ्या खास यानाचे कंत्राट जून 2024 मध्ये स्पेसएक्सला दिले गेले असून त्याची कमाल रक्कम 84 कोटी 30 लाख डॉलर आहे. ते काम थांबवणेही शहाणपणाचे नाही, कारण एवढे मोठे यंत्र बेकाबू होऊन खाली येणे हा सर्वांत वाईट शेवट होय. दुसऱ्या बाजूला, जोवर जुने स्थानक सरकारी खर्चाने उघडे आहे तोवर आमच्याकडे ग्राहक का येतील, ही कंपन्यांची तक्रारही खोटी नाही. या पेचातून वाट काढायची तर शेवटची तारीख दिनदर्शिकेला न बांधता घटनेला बांधावी. किमान एका नव्या स्थानकावर माणसे सलग सहा महिने राहून सुखरूप परतली आहेत, त्याच्या हवा-पाण्याच्या यंत्रणेने तो काळ निभावला आहे आणि सध्याचे संशोधन तिथे हलवले गेले आहे, एवढे झाल्यावरच जुन्या स्थानकाच्या अंतिम अवतरणाची आज्ञा द्यावी. त्याची प्रकृती त्याआधीच धोकादायक झाली तर निर्णय अर्थातच सुरक्षिततेच्या बाजूने होईल, पण मग खंड पडल्याची जबाबदारी कोणी घ्यायची हेही जाहीर असावे. मुहूर्तांवर विसंबून राहता येत नाही, हे सांगायला फार लांब जावे लागत नाही. हेवन-1 साठी आधी ऑगस्ट 2025 सांगितला गेला होता आणि अ‍ॅक्सिऑमच्या पहिल्या मॉड्यूलसाठी 2024. दोन्ही टळले. अंतराळ क्षेत्रात यात लाजिरवाणे काही नाही, पण एका ठाम तारखेपुढे दुसऱ्याच्या आशावादी तारखा ठेवून आखणी करता येत नाही.

सुरक्षिततेच्या मुद्द्यावर थोडे अधिक थांबतो, कारण इथे सर्वांत कमी लिहिलेले आढळते. डिसेंबर 2022 मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानातून शीतक द्रव गळून गेला आणि त्यातील चमूसाठी दुसरे यान रिकामे पाठवावे लागले. फ्रँक रुबिओ यांचा सहा महिन्यांचा मुक्काम त्यामुळे 371 दिवसांचा झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये तियांगोंगवरील शेन्झोऊ-20 यानाच्या खिडकीला तडे आढळले. त्यातील चमू शेन्झोऊ-21 मधून परतला आणि मागे राहिलेल्यांसाठी चीनला रिकामे शेन्झोऊ-22 घाईने सोडावे लागले. जानेवारी 2026 मध्ये एका सदस्याच्या प्रकृतीच्या कारणाने चार जणांचा चमू आंतरराष्ट्रीय स्थानकावरून मुदतीआधी परतला. तिन्ही प्रसंगांत माणसे वाचली, कारण परतीचे सुस्थितीतले यान किंवा ते लगेच पाठवू शकणारी संस्था पाठीशी होती. ज्या छोट्या स्थानकाला एकच यान जोडलेले असेल आणि तेच यान बिघडेल, तिथे कोण जाणार? दुसऱ्या कंपनीचे यान त्या स्थानकाला जोडता तरी येईल का? जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानक अस्तित्वात आहे. माणसे राहणाऱ्या प्रत्येक स्थानकाने ते पाळावे आणि त्यावर एक जोडणीची जागा बचावासाठी मोकळी ठेवावी, ही अट महागडी नाही.

कायद्याची बाजू तर आणखी विरळ आहे. 1967 च्या अंतराळ कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी कंपनीच्या कामालाही परवानगी देण्याची आणि त्यावर सतत देखरेख ठेवण्याची जबाबदारी संबंधित देशाची आहे. अमेरिकेत मात्र प्रक्षेपण आणि पुनरागमन यांना परवाना लागतो, मधल्या काळात कक्षेतील माणसांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारे खाते ठरलेले नाही. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्यावरची 2004 सालची मनाई 2028 च्या सुरुवातीपर्यंत वाढवलेली आहे. आंतरराष्ट्रीय स्थानकासाठी 1998 मध्ये झालेल्या करारात गुन्ह्याच्या अधिकारक्षेत्रापर्यंतच्या तरतुदी आहेत. त्या खासगी स्थानकाला आपोआप लागू होत नाहीत. कमांडर कंपनीचा कर्मचारी, प्रवासी तिसऱ्या देशाचा आणि वापरणारी संस्था चौथ्या देशाची असेल, तर मोहीम मध्येच थांबवण्याचा अधिकार कोणाचा आणि अपघाताची चौकशी कोणी करायची? ती चौकशी कंपनीकडे राहू नये, एवढे तरी आपण ग्राहक या नात्याने आजच लिहून घेऊ शकता. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

स्थानकाच्या शेवटाचीही तरतूद सुरुवातीलाच हवी. अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकाचे तुकडे 1979 मध्ये ऑस्ट्रेलियावर पडले, सोव्हिएत सॅल्यूत-7 स्थानकाचे 1991 मध्ये अर्जेंटिनावर, आणि चीनचे तियांगोंग-1 हे 2018 मध्ये नियंत्रणाविना खाली आले. ही सगळी सरकारांची याने होती आणि सरकारे दिवाळखोर होऊन नाहीशी होत नाहीत. बिगेलोची दोन मॉड्यूल मात्र कंपनीचे काम थांबले तेव्हाही कक्षेतच फिरत होती. त्यांचा आकार लहान होता म्हणून निभावले. 1972 च्या दायित्व करारानुसार जमिनीवर नुकसान झाले तर भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या देशाला द्यावी लागते, म्हणजे कंपनी बुडाली तरी बिल सरकारकडेच येते. तेव्हा नियंत्रित अवतरणासाठी लागणारी रक्कम कंपनीने प्रक्षेपणापूर्वीच त्रयस्थाकडे अनामत ठेवावी आणि ताबा घेऊन स्थानक खाली आणण्याचा तांत्रिक अधिकार सरकारकडे राहावा. गुंतवणूकदारांना ही अट जड वाटेल, पण दीर्घ मुदतीच्या खरेदीचा शब्द मिळत असेल तर ती पेलण्याजोगी आहे.

करदात्यांच्या पैशांतून झालेल्या प्रयोगांची माहिती, विशेषतः आरोग्याची आणि यंत्रबिघाडांची, ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली व्हावी, हेही त्याच करारात यावे.

आपल्याकडे माझी विनंती अशी आहे की, पुढचे करार करण्यापूर्वी किमान दहा वर्षांच्या खरेदीची हमी, सहा महिन्यांच्या मुक्कामापर्यंतचे टप्पे, बचावासाठी मोकळी जोडणी, स्वतंत्र अपघात चौकशी आणि अवतरणाची अनामत या पाच अटींचा मसुदा भागीदार संस्थांनी एकत्रितपणे जाहीर करावा आणि त्यावर कंपन्या, संशोधक व अंतराळवीर यांच्या हरकती मागवाव्यात. अटी वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या लिहिल्या, तर कंपन्या सर्वांत सैल नियमांच्या देशात नोंदणी करतील. म्हणून हे काम एकट्या नासाकडून होणारे नाही. युरोप, जपान आणि कॅनडा यांच्या संस्थांनी आपला आग्रह आताच, म्हणजे आराखडे कागदावर असतानाच, नोंदवायला हवा. धातू कापला गेल्यानंतर मोकळी जोडणी मागता येणार नाही.

कळावे,

आपला,
अंतराळ धोरणाचा एक अभ्यासू वाचक